नवा ५६के मोडेम, जुना ४८६ आणि मधलं सीरियल पोर्ट: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण १९९८च्या अखेरीचं आहे. घरी बसून तांत्रिक मजकुराची भाषांतरं करणारे एक गृहस्थ आणि त्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी एकच संगणक वापरत होते. ४८६ डीएक्स२, ६६ मेगाहर्ट्झ, १६ एमबी मेमरी आणि विंडोज ९५. हार्ड डिस्क, फ्लॉपी, प्रिंटरचं पोर्ट आणि दोन सीरियल पोर्ट, सगळं एकाच मल्टी आय-ओ कार्डावर. पेंटियमच्या आधीच्या बहुतेक घरगुती संगणकांत हीच रचना असे. कॉम १ या सीरियल पोर्टला माउस आणि कॉम २ला बाहेरचा १४.४ केबीपीएसचा (सेकंदाला १४,४०० बिटांचा) मोडेम, म्हणजे फोनच्या तारेवरून संगणक इंटरनेटला जोडणारा डबा, जोडलेला होता. हा मोडेम कित्येक वर्षं विनातक्रार चालला होता.

कामाच्या फाइली मोठ्या होऊ लागल्या तसा त्यांनी ५६केचा, म्हणजे ५६ केबीपीएसचा, नवा, बाहेर ठेवायचा मोडेम आणला. तेव्हा ५६केची बाजारपेठ नुकतीच एका भांडणातून बाहेर पडत होती. १९९७मध्ये रॉकवेल आणि ल्यूसंट यांचं के५६फ्लेक्स आणि यूएस रोबोटिक्सचं एक्स२ अशी दोन तंत्रं बाजारात आली. एका तंत्राचा मोडेम दुसऱ्याशी ५६केच्या भाषेत बोलू शकत नसे. मग दोघंही मुकाट्याने व्ही.३४ या जुन्या मानकावर, म्हणजे जास्तीत जास्त ३३.६ केबीपीएसवर उतरत. व्ही.९० हे समाईक मानक सप्टेंबर १९९८मध्ये रीतसर मंजूर झालं. या घरात आलेला मोडेम के५६फ्लेक्सचा होता, पण त्याची फ्लॅश मेमरी, म्हणजे त्याच्या आतला प्रोग्राम, नव्याने लिहून त्याला व्ही.९० करता येणार होतं. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

अडचण

पहिल्याच दिवशी पडद्यावर ‘कनेक्ट ११५२००’ असा संदेश आला आणि घरात आनंद झाला. तो फार टिकला नाही. साधी पानं बरी उघडत, पण चित्रं जास्त असलेलं पान अर्ध्यावर थांबे. मोठी फाइल उतरवायला घेतली की सुरुवातीला भराभर, मग मिनिटभर काहीच नाही, मग पुन्हा थोडी हालचाल. एकेक मोठी फाइल जुन्या १४.४च्या मोडेमवर लागायचा त्यापेक्षाही जास्त वेळ घेऊ लागली. लाइन मात्र तुटत नव्हती.

या सगळ्यात सगळ्यात मोलाचं निरीक्षण मुलीचं होतं. “बाबा, डाउनलोड चालू असताना माउस हलवू नका, ते अडकतं,” असं ती म्हणायची. वडिलांना ते पटत नव्हतं. माउसचा आणि फोनच्या लाइनचा संबंध काय, हा त्यांचा प्रश्न वरवर पाहता रास्तच होता.

आधी काय तपासलं गेलं

संशय आधी फोनच्या लाइनवर गेला. तक्रार झाली, घरापर्यंतचा एक जुना जोड बदलला गेला, फरक पडला नाही. मग इंटरनेट सेवा देणारी कंपनी बदलली. आधीच्या कंपनीकडचे भरलेले तास वाया गेले. फरक नाही. शेवटी मोडेम दुकानात नेला. दुकानदाराने तो आपल्या पेंटियमला जोडून दाखवला आणि तिथे तो उत्तम चालला.

हा या प्रकरणातला पहिला निर्णायक टप्पा. दुकानातल्या चाचणीतून घरच्यांनी ‘मोडेम चांगला आहे, म्हणजे आमची लाइनच खराब’ असा अर्थ काढला. पण त्या चाचणीत एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या: फोनची लाइनही वेगळी होती आणि संगणकही. मोडेम निर्दोष ठरला एवढाच त्यातून निष्कर्ष निघत होता. उरलेल्या दोघांपैकी दोषी कोण, हे त्या चाचणीने सांगितलंच नव्हतं. संगणकाचं नाव कुणाच्या मनात आलं नाही, कारण जुना मोडेम त्याच पोर्टवर नीट चालला होता. इथे मला बोलावणं आलं.

निदान

मी पहिल्यांदा त्या ११५२००च्या आकड्याकडे वळलो. डायलअपमध्ये दोन वेगवेगळे दुवे असतात. एक मोडेमपासून समोरच्या मोडेमपर्यंतचा, फोनच्या तारेवरचा. दुसरा मोडेमपासून संगणकापर्यंतचा, सीरियल केबलवरचा. दोन्हींचे वेग स्वतंत्रपणे ठरतात. ‘कनेक्ट’पुढे यातला कुठला आकडा दाखवायचा हे मोडेमच्या सेटिंगवर असतं, आणि या मोडेमची मूळ सेटिंग केबलवरचा वेग दाखवायची होती. प्रत्यक्ष लाइनचा वेग दाखवण्यासाठी त्याच्या सुरुवातीच्या आज्ञांमध्ये ‘डब्ल्यू२’ घातलं. पुढच्या जोडणीला संदेश आला: ‘कनेक्ट ३१२००’.

तो आकडा पाहून वडील खट्टू झाले, पण मला त्याने दोन गोष्टी सांगितल्या. लाइन जुन्या मोडेमच्या दुपटीहून जास्त वेगाने व्यवस्थित चालत होती, तेव्हा तिला दोष देण्यात अर्थ नव्हता. आणि ३१२०० हा व्ही.३४चा वेग आहे, म्हणजे ५६केचं तंत्र जोडलंच जात नव्हतं. हा दुसरा, स्वतंत्र प्रश्न होता. तो मी मुद्दाम बाजूला ठेवला. दोन दोष एकत्र असले की दोन्ही एकाच वेळी सोडवण्याचा मोह होतो आणि मग कशाने काय सुधारलं ते कळत नाही.

पुढचं काम चुका मोजण्याचं. ब्राउझर चुका दाखवत नाही, नुसता थांबतो. म्हणून विंडोजच्या हायपरटर्मिनल प्रोग्राममधून एका बुलेटिन बोर्डला (फाइली ठेवलेल्या, थेट फोनवरून जोडता येणाऱ्या संगणकाला) फोन लावून झेडमोडेम पद्धतीने एक फाइल उतरवली. या पद्धतीत दर तुकड्याची पडताळणी होते आणि चुकांची संख्या पडद्यावर दिसते. माउसला हात न लावता आकडा हळूहळू वाढत होता. माउस गोल गोल फिरवला की भराभर वाढला. डिस्कचा दिवा लागला की हमखास वाढला. फोनच्या तारेतल्या खरखरीला आपल्या टेबलावरचा माउस कधी हलतो हे कळत नसतं. दोष संगणकाच्या आत होता.

केबलही पाहून घेतली, कारण जुन्या केबलमध्ये प्रवाह थांबवण्या-सोडण्याच्या, म्हणजे आरटीएस आणि सीटीएसच्या तारा नसल्या तर लक्षणं बरीचशी अशीच दिसतात. तारा होत्या. मग कंट्रोल पॅनेलमध्ये मोडेमच्या डायग्नॉस्टिक्समध्ये कॉम २ निवडून तपशील उघडला. सीरियल पोर्ट चालवणाऱ्या यूआर्ट चिपच्या नावात १६५५० या नव्या पिढीच्या चिपचा पत्ता नव्हता. कार्डावर जुन्या पिढीची १६४५० जातीची चिप होती.

नेमकं काय घडत होतं

१९८१च्या आयबीएम पीसीतली ८२५० आणि नंतर पीसी-एटीबरोबर आलेली १६४५०, या दोन्ही चिपांकडे आलेला एकच बाइट धरून ठेवायला जागा असते. बाइट आला की चिप प्रोसेसरला हाक मारते, म्हणजे इंटरप्ट देते. पुढचा बाइट पूर्ण येण्याआधी प्रोसेसरने आधीचा उचलला नाही तर नवा त्याच्यावर येऊन बसतो आणि जुना कायमचा जातो. बांधकामावर हातोहात घमेली पोचवणाऱ्या रांगेत एकाने क्षणभर मान वळवली तर पुढचं घमेलं खाली पडतं, तसंच हे.

आता वेळाचं गणित. सीरियल केबलवर एका बाइटला सुरुवातीचा आणि शेवटचा धरून १० बिट लागतात. जुन्या मोडेमचं पोर्ट १९२००वर होतं, म्हणजे दोन बाइटांमध्ये सुमारे ५२० मायक्रोसेकंद मिळत. नव्या मोडेमच्या ड्रायव्हरने पोर्ट ११५२००वर नेलं आणि ही सवड ८७ मायक्रोसेकंदांवर आली, जवळजवळ सहावा हिस्सा. ६६ मेगाहर्ट्झचा ४८६ एरवी तेवढ्यात बाइट उचलतोही. पण त्या काळी डिस्कवरचा डेटा प्रोसेसर स्वतःच हलवत असे, त्या दरम्यान बाकीच्या हाका थांबून राहत, आणि डिस्कची हाक कॉम २च्या हाकेपेक्षा वरच्या क्रमांकाची असते. माउसचं प्रत्येक हलणंही प्रोसेसरला स्वतंत्र हाक देतं. विंडोज ९५मध्ये या सगळ्याला ८७ मायक्रोसेकंद पुरत नव्हते.

इथे एक शंका येणं साहजिक आहे, आणि ती मुलीने विचारलीही. लाइन तर ३१२००चीच आहे, म्हणजे सेकंदाला चारेक हजार बाइट. मग ते सावकाश का येत नाहीत? कारण मोडेम आलेले बाइट सुटे सुटे पुढे देत नाही. व्ही.४२ या चूकदुरुस्तीच्या मानकात बाइट फ्रेममध्ये बांधून येतात. एका फ्रेममध्ये साधारणपणे १२८पर्यंत बाइट असतात. फ्रेम पूर्ण येऊन तिची पडताळणी झाल्याशिवाय मोडेम त्यातलं काही सोडत नाही, आणि सोडतो तेव्हा सगळे बाइट केबलच्या पूर्ण वेगाने, एकामागोमाग एक. लाइन कितीही संथ असो, शेवटच्या दोन-तीन फुटांवर लोंढाच येतो.

व्ही.४२ची चूकदुरुस्ती इथे उपयोगी पडत नाही, कारण तिची हद्द दोन मोडेमांच्या मधली आहे. आरटीएस-सीटीएसही वाचवत नाही: ड्रायव्हरचा स्वतःचा साठा भरत आला की तो मोडेमला थांब म्हणतो, पण इथे बाइट ड्रायव्हरच्या हाती लागण्याआधीच जात होता. आपल्याला उशीर झाला हे ड्रायव्हरला कळतं तेव्हा बाइट गेलेला असतो. डायलअपवरून इंटरनेटची पॅकेटं नेणाऱ्या पीपीपी पद्धतीच्या पडताळणीत ते पॅकेट बाद होतं, आणि एका हरवलेल्या बाइटपायी दीड हजार बाइटांचं आख्खं पॅकेट पुन्हा मागवावं लागतं. पलीकडच्या संगणकाला वाटतं की वाटेत गर्दी आहे, म्हणून तो आणखी सावकाश पाठवू लागतो. मिनिटभराच्या त्या शांततेचं कारण हे होतं.

पर्याय

फुकटातला आणि लगेच करता येण्याजोगा उपाय म्हणजे पोर्टचा वेग ३८४००वर आणणं. सवड २६० मायक्रोसेकंद होते आणि चुका जवळजवळ थांबतात. पण १०-बिटी हिशेबाने पोर्टमधून सेकंदाला ३८४० बाइटच जातात. ३१२००च्या लाइनवर हे जेमतेम पुरतं. उद्या लाइन ४५ हजारांवर गेली तर पोर्टच अडसर ठरणार. शिवाय व्ही.४२बिस हे तंत्र साधा मजकूर दाबून पाठवतं आणि मोडेममध्ये तो पुन्हा फुगतो. त्या वाढीलाही पोर्टमध्ये जागा उरत नाही.

दुसरा पर्याय १६५५०ए चिप असलेलं सुटं सीरियल कार्ड. या चिपमध्ये १६ बाइटांची रांग असते. मूळ १६५५०मधल्या रांगेत दोष होता, तो ‘ए’ आवृत्तीत सुधारला. म्हणून त्या अक्षराला महत्त्व आहे. काही जुन्या कार्डांवर चिप सॉकेटमध्ये बसवलेली असते आणि नुसती चिप बदलून भागतं. इथे ती थेट झाळलेली होती.

तिसरा पर्याय दुकानदाराने सुचवला होता: बाहेरचा मोडेम परत द्या, आतला घ्या, वर काही पैसे परत मिळतील. आतल्या मोडेमवर स्वतःची यूआर्ट असते, त्यामुळे जुन्या पोर्टचा प्रश्नच उरत नाही. ऐकायला हे सगळ्यात सरळ वाटतं. पण मुलीने त्या मोडेमच्या खोक्यावरचा बारीक मजकूर वाचला. पेंटियम आणि विंडोज अनिवार्य. हा विनमोडेम होता. अशा मोडेममध्ये संदेशांवरची आकडेमोड करणारा भागच नसतो, ते काम संगणकाच्या प्रोसेसरवर टाकलेलं असतं. जो ४८६ वेळेवर बाइट उचलू शकत नाही त्याच्यावर आख्ख्या मोडेमचं ओझं टाकणं म्हणजे होतं तेही घालवणं. शिवाय तो पीसीआय या नव्या जातीच्या स्लॉटचा होता आणि या संगणकात पीसीआय नव्हताच. खोक्यावरचा बारीक मजकूर वाचण्याची तिची सवय इथे खरोखर कामी आली. नाहीतर पुढचे कित्येक आठवडे नव्या कोड्यात गेले असते.

चौथा, नवा संगणक. तो कधीतरी घ्यायचाच होता, पण काम तेव्हा अडलेलं होतं आणि पैसे तयार नव्हते.

निर्णय असा झाला: त्याच दिवशी पोर्ट ३८४००वर आणायचं, म्हणजे कामं सुरळीत होतील, आणि सवडीने १६५५०एचं कार्ड आणायचं. बाहेरचा मोडेम ठेवायचा. पुढे संगणक बदलला तरी तो उचलून नव्याला लावता येतो.

काय केलं

कार्ड बसवण्यात यंत्राचं काम थोडं आणि कागदाचं जास्त होतं. जुन्या मल्टी आय-ओ कार्डावरचं कॉम २ जंपरने (कार्डावरच्या दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोपणाने) बंद केल्याशिवाय नवं कार्ड त्या जागी चालणार नव्हतं. एकाच पत्त्यावर दोन पोर्ट उत्तर देऊ लागली की दोन्ही निकामी होतात. नवं पोर्ट कॉम ३ म्हणून लावण्याचा सोपा दिसणारा मार्ग मी नाकारला, कारण कॉम ३ ठरावीकपणे आयआरक्यू ४, म्हणजे चौथ्या क्रमांकाची इंटरप्टची तार, वापरतं आणि तो माउसकडे होता. आयएसए या जुन्या जातीच्या स्लॉटवरच्या दोन कार्डांना एक इंटरप्ट वाटून घेता येत नाही. जंपरची माहिती असलेलं छोटं पत्रक कपाटातल्या फाइलीत मिळालं आणि काम झालं. ते मिळालं नसतं तर प्रत्येक जंपर हलवून पाहणं एवढंच हाती होतं.

डिव्हाइस मॅनेजरमधून जुनं पोर्ट आणि मोडेम काढून टाकले, पुन्हा शोधू दिले, फिफो बफर, म्हणजे चिपमधली ती १६ बाइटांची रांग, वापरण्याच्या चौकटीत खूण केली. मिळवण्याच्या बाजूचा सरकता खिट्टा शेवटपर्यंत न नेता मध्ये ठेवला. रांगेत किती बाइट जमल्यावर हाक मारायची हे त्यावर ठरतं. १४वर हाक मारली तर हाका कमी होतात, पण उरलेल्या दोन जागा भरायला फारसा वेळ लागत नाही. ८वर मारली तर आणखी आठ बाइट येईपर्यंत, म्हणजे सुमारे ७०० मायक्रोसेकंद सवड मिळते. संथ प्रोसेसरला ही सवड महत्त्वाची.

एवढं करूनही वेग वाढेना. विंडोज ९५मध्ये डायलअपची प्रत्येक जोडणी मोडेमच्या सेटिंगची स्वतःची प्रत बाळगते. कंट्रोल पॅनेलमध्ये ११५२०० केलं होतं, पण आधी बनवलेली जोडणी अजून ३८४००च धरून बसली होती. ती पुसून नवी बनवली.

त्यानंतर मोडेमची फ्लॅश मेमरी व्ही.९०साठी नव्याने लिहिली. हे काम मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. वडिलांची इच्छा ते पहिल्यांदा करावं अशी होती. पण लिहिताना प्रत्येक तुकड्यानंतर मोडेमकडून पोच येते, आणि ज्या पोर्टवर येणारे बाइट हरवतात त्यावर अशी पोच हरवून लेखन अर्धवट राहिलं तर मोडेम कायमचा बंद पडण्याची भीती असते. नव्या पोर्टवरून ते अडथळ्याविना पार पडलं.

परिणाम

झेडमोडेमच्या चाचणीत चुकांचा आकडा शून्यावर राहिला, माउस कितीही फिरवला तरी. दाबलेल्या मोठ्या फाइली सेकंदाला साडेतीन हजार बाइटांच्या आसपास, न अडखळता उतरू लागल्या.

जोडणी मात्र व्ही.९० होऊनही ३१२००वरच राहिली. फोनचं जाळं आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने, प्रत्येकी ८ बिटांत घेतं. ५६केचं तंत्र या डिजिटल साखळीवर स्वार होतं. त्यासाठी सेवा देणाऱ्या कंपनीची बाजू एक्स्चेंजला डिजिटल मार्गाने जोडलेली हवी, म्हणजे ॲनालॉगमध्ये रूपांतर एकदाच, घराकडच्या टोकाला होतं. कंपनीचे मोडेम साध्या ॲनालॉग लाइनींवर असतील तर रूपांतर दोनदा होतं आणि व्ही.९० जमत नाही. वडिलांनी कंपनीला फोन करून नेमकं हेच विचारलं: तुमच्या या नंबरावरचे मोडेम डिजिटल लाइनवर आहेत का? उत्तर आलं, नाहीत, पण दुसरा नंबर आहे. त्या नंबरावर पहिल्याच जोडणीला ४५३३३ दिसलं. कधी ४२६६७ येई, ५६ हजार कधीच नाही. पाठवण्याचा वेग व्ही.९०मध्ये ३३.६च्या वर जातच नाही, त्यामुळे भाषांतरं पाठवायला मात्र आधीच्या नंबरावर लागायचा तेवढाच वेळ लागत राहिला.

वेगळं काय करता आलं असतं

मोडेम विकत घेण्याआधी यूआर्ट पाहता आली असती. विंडोजमधल्या डायग्नॉस्टिक्समध्ये किंवा डॉसच्या एमएसडी या तपासणीच्या प्रोग्राममध्ये ते मिनिटभराचं काम होतं. दुकानदाराने ‘तुमचा संगणक कोणता?’ एवढं विचारलं असतं तरी विषय निघाला असता. खोक्यावर मोडेमचा वेग मोठ्या अक्षरांत असे आणि त्याला कसलं पोर्ट लागतं हे कोपऱ्यात. ग्राहकाला याची जाणीव करून देणं विकणाऱ्याचं काम आहे, असं मला ठामपणे वाटतं.

सेवा कंपनी बदलण्याचा निर्णय घाईचा होता, कारण तेव्हा हाती एकही मोजमाप नव्हतं. एखाद्या परिचिताचा पेंटियम घरी आणून त्याच लाइनवर मोडेम जोडला असता तर दोष संगणकात आहे हे पहिल्याच संध्याकाळी कळलं असतं.

आणि मुलीचं माउसबद्दलचं निरीक्षण. ते सुरुवातीलाच गंभीरपणे घेतलं गेलं असतं तर लाइनची दुरुस्ती, कंपनी बदलणं आणि दुकानाची फेरी तिन्ही टळलं असतं. अशा तक्रारीत मी आता सगळ्यात आधी हेच विचारतो: अडतं तेव्हा संगणकावर आणखी काय चालू असतं?

कार्ड घेण्याच्या निर्णयाबद्दल मात्र दुमत होऊ शकतं. दोन-तीन महिन्यांत नवा संगणक नक्की येणार असता तर मी ३८४००वरच थांबायचा सल्ला दिला असता. त्यांच्याकडे तो दीड वर्षाने आला, त्याच्या बोर्डावरच १६५५०एला जुळणारी पोर्टं होती आणि बाहेरचा मोडेम त्याला तसाच लावून चालला.